कॅज्युअल्टीचे रिपोर्ट तासाभरात येत नाहीत: पीडीएसए, लीन की सिक्स सिग्मा?

टीएटी_त्रस्त

कॅज्युअल्टीतून मागवलेल्या रक्ततपासण्यांचा रिपोर्ट ६० मिनिटांत मिळावा आणि निदान ९०% सॅम्पलच्या बाबतीत तरी हे जमावं, असं आमचं लक्ष्य आहे. तपासण्या नेहमीच्याच: सीबीसी, क्रिएटिनिन, इलेक्ट्रोलाइट्स, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते पाहणारी), पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी). आठवड्याला साधारण २०० सॅम्पल. वेळेत रिपोर्ट जाण्याचं प्रमाण ५५ ते ६५ टक्क्यांच्या मधेच झुलत राहतं.

फिशबोन (कारणांची माशाच्या काट्यासारखी आकृती) काढून झाला. त्यात तीसेक कारणं निघाली आणि 'मनुष्यबळ कमी' व 'जागरूकतेचा अभाव' ही दोन सगळ्यांत वर बसली. मग प्रशिक्षण झालं, पोस्टर लागली. ज्या आठवड्यात ६५ टक्के आले त्या आठवड्यात कौतुक, ५६ आले की लॅबला मेमो. लॅब म्हणते, आम्ही ४० मिनिटांत रिपोर्ट देतो. कॅज्युअल्टी म्हणते, दीड तास लागतो. आता वरून आदेश आहे की पीडीएसए, लीन, सिक्स सिग्मा यांपैकी एखादं सुधारणेचं मॉडेल निवडा आणि त्यानुसार काम करा.

तीन प्रश्न आहेत. कोणतं मॉडेल घ्यावं? लॅब आणि कॅज्युअल्टी यांपैकी खरं कोण बोलतंय? आणि सुधारणा खरोखर झाली असं कधी म्हणायचं?

---

आलेख_आधी

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर नसेल तर पहिल्या दोन्हींना अर्थ नाही.

आठवड्याला २०० सॅम्पल आणि सरासरी ६०% वेळेत, असं धरा. पी-चार्टच्या (टक्केवारीच्या नियंत्रण आलेखाच्या) मर्यादा काढायला ०.६ गुणिले ०.४ भागिले २०० याचं वर्गमूळ घ्यायचं, ते येतं सुमारे ०.०३५. त्याची तिप्पट सरासरीत मिळवा आणि सरासरीतून वजा करा. उत्तर येतं साधारण ५० ते ७० टक्के. म्हणजे व्यवस्थेत काहीही बदललं नाही तरी आठवड्याचा आकडा या पट्ट्यात कुठेही पडू शकतो. तुमचे ६५ आणि ५६ एकाच व्यवस्थेतून आलेले आहेत. कौतुकही नशिबाचं झालं आणि मेमोही नशिबालाच गेला. फक्त रात्रपाळी वेगळी काढलीत आणि तिथे आठवड्याला ४० च सॅम्पल असतील, तर हाच पट्टा ३७ ते ८३ इतका रुंद होतो. अशा आकड्यावरून कुणाला जाब विचारणं निरर्थक आहे.

नेहमीचा चढउतार आणि विशेष कारणाने झालेला बदल यांत फरक करायला वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेख मांडला, तो याच अडचणीसाठी. रुग्णालयात तो अजूनही कमी दिसतो. 'मागच्या महिन्यापेक्षा इतके टक्के वर' असे हिरवे-लाल बाण मात्र सगळीकडे.

दुसरं म्हणजे 'वेळेत किती टक्के' हे एकटं मोजमाप फार आंधळं आहे. ६१ मिनिटं लागली काय आणि १८० लागली काय, दोन्ही नापासच. १८० ची ७० झाली तरी तुमचा आकडा हलणार नाही आणि काम करणाऱ्यांना वाटेल की काहीच उपयोग झाला नाही. प्रत्येक सॅम्पलला लागलेली मिनिटं घ्या, त्यांचा रोजचा मध्यक आणि आठवड्याचा ९० वा शतमक (ज्या मिनिटांच्या आत ९०% सॅम्पल येतात तो आकडा) काढा, आणि तारखेच्या क्रमाने आलेखावर टाका. लॅबच्या संगणकात जुनी नोंद असतेच, त्यामुळे मागच्या काही महिन्यांचा आलेख आजच काढता येईल.

मॉडेलबद्दल: 'मॉडेल फॉर इम्प्रूव्हमेंट' घ्या. तीन प्रश्न आणि त्यांच्या खाली पीडीएसएचं चक्र (योजना, करून पाहणं, अभ्यास, पुढची कृती), एवढंच त्याचं अंग आहे. काय साधायचं आहे, बदल म्हणजे सुधारणा हे कशावरून कळणार, आणि कोणते बदल करून पाहता येतील? तुम्ही पहिल्याचं उत्तर अर्धं दिलंय (किती ते आहे, कधीपर्यंत ते नाही), दुसऱ्याचं चुकीच्या मोजमापाने दिलंय, आणि तिसऱ्यावर एकदम उडी मारून पोस्टर लावलीत.

---

जुना_टेक्निशियन

दोघंही खरं बोलतायत. लॅबचं घड्याळ सॅम्पल काउंटरवर स्कॅन झाल्यावर सुरू होतं, कॅज्युअल्टीचं डॉक्टरने तपासणी लिहिल्यावर. ४० आणि ९० यांच्यामधली मिनिटं कुणाच्याच खात्यात नाहीत, म्हणून ती कुणी मोजत नाही.

आधी प्रवासाचे तुकडे पाडा: मागणी, रक्त काढणं, वॉर्डातून निघणं, लॅबमध्ये पोचणं, स्कॅन होणं, सेंट्रिफ्यूजमध्ये जाणं, अ‍ॅनालायझरवर चढणं, निकाल तयार होणं, पडताळून सोडणं, डॉक्टरने पाहणं. यातल्या 'निघणं' आणि 'पोचणं' या दोन वेळा सहसा कोणत्याच संगणकात नसतात. त्यासाठी सॅम्पलच्या पिशवीला एक चिठ्ठी लावा आणि ज्याच्या हातून ती जाईल त्याने वेळ लिहायची. तीन पाळ्यांतली मिळून ५०-६० सॅम्पल पुरतात, महिनाभर हे करायची गरज नाही.

लॅबच्या आतली मिनिटं कुठे जातात ते माझ्याकडून घ्या.

सर्वांत मोठी खादाड गोष्ट म्हणजे साध्या (सीरमच्या) ट्यूबमधलं रक्त गोठायची वाट. क्लॉट अ‍ॅक्टिव्हेटर असलेल्या ट्यूबलाही साधारण ३० मिनिटं लागतात आणि रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असेल तर जास्त. घाई करून आधीच फिरवली तर सीरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात. ते अ‍ॅनालायझरच्या प्रोबमध्ये अडकतात किंवा ट्रोपोनिनसारख्या तपासणीत खोटा निकाल देतात. म्हणजे तुमच्या ६० पैकी अर्धी मिनिटं निव्वळ थांबण्यात जातात, आणि ती कितीही माणसं वाढवून कमी होणार नाहीत. लिथियम हेपारिनच्या ट्यूबमध्ये रक्त गोठतच नाही, आल्या आल्या फिरवता येतं.

मग सेंट्रिफ्यूज. फिरण्याची १० मिनिटं ठीक आहेत, पण 'आठ खाचा भरल्या की लावू' या सवयीत तेवढीच आणखी जातात. दोन ट्यूबा समोरासमोर ठेवून तोल साधला की लगेच लावता येतं, एकच असेल तर समोर तेवढ्याच वजनाची पाण्याची ट्यूब.

तिसरी जागा पडताळणी. सगळे निकाल नॉर्मल असलेला रिपोर्टही एका माणसाच्या क्लिकसाठी अडतो आणि तो माणूस तेव्हा फोनवर असतो. ठरावीक मर्यादेत असलेले, आधीच्या निकालाशी जुळणारे आणि यंत्राने कोणताही इशारा न दिलेले रिपोर्ट आपोआप सुटावेत असे नियम बहुतेक लॅब सॉफ्टवेअरमध्ये बसवता येतात.

सीबीसीला सेंट्रिफ्यूजच लागत नाही. तुमचा सीबीसीही तासाच्या वर जात असेल, तर आजार लॅबच्या बाहेर आहे हे चिठ्ठ्या न भरताही ओळखता येईल. तपासणीवार आकडे वेगळे काढा.

---

मोजमाप_काका

वरचं सगळं मान्य, एक भर. सिक्स सिग्मावाल्यांची डीमेइक पद्धत (व्याख्या, मापन, विश्लेषण, सुधारणा, नियंत्रण) इथे अख्खी राबवणं म्हणजे जड काम आहे, पण तिच्यातला मापनाचा टप्पा मात्र चोरा. आकडे वापरण्याआधी आकड्यांचीच तपासणी करायची.

या विषयात दोन ठिकाणी हमखास घोळ असतो. पहिला, 'सॅम्पल घेतल्याची वेळ'. अनेक सॉफ्टवेअरमध्ये बारकोड लेबल छापलं की तीच वेळ सॅम्पल घेतल्याची म्हणून बसते. लेबल छापून सिस्टर दुसऱ्या रुग्णाकडे गेली आणि वीस मिनिटांनी रक्त काढलं, तर ती वीस मिनिटं वाहतुकीच्या नावावर चढतात आणि दोष वॉर्डबॉयला. दुसरा, रुग्णालयाचा सर्व्हर आणि लॅबचा सर्व्हर यांची घड्याळं. घेण्याआधीच पोचलेली सॅम्पल यादीत दिसली, म्हणजे फरक ऋण आला, तर घड्याळं जुळत नाहीत असं समजा. एका वेळेच्या सर्व्हरशी दोन्ही जोडून घ्या, मगच पुढे.

आणखी एक बारकावा. तुकड्यांचे मध्यक एकत्र करून एकूण वेळेचा मध्यक मिळत नाही. सरासऱ्यांची बेरीज चालते, मध्यकांची नाही. अहवालात 'मध्यक ८+२५+३८' अशी बेरीज करून ७१ लिहिलेलं दिसलं की तो अहवाल परत पाठवा.

चिठ्ठ्या भरायच्या नसतील तर लिटलचा नियम वापरा: रांगेतली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले थांबण्याचा वेळ. लॅबच्या काउंटरवर तासाला सगळ्या वॉर्डांची मिळून ४० सॅम्पल येत असतील आणि अधूनमधून जाऊन मोजल्यावर सरासरी २० ट्यूबा पडून दिसत असतील, तर प्रत्येक सॅम्पल स्कॅन होण्याआधी सरासरी अर्धा तास थांबतंय. लॅबचं घड्याळ अजून सुरूही झालेलं नाही! सकाळी सगळ्या वॉर्डांची सॅम्पल एकदम येतात तेव्हा हे हमखास होतं आणि कॅज्युअल्टीचं सॅम्पल त्या ढिगात तळाशी जातं.

इथे लीनचा (वाया जाणारा वेळ आणि थांबणं कमी करण्याच्या पद्धतीचा) उपयोग आहे: वेगळी वाट. ट्यूबच्या झाकणाचे रंग आधीच ठरलेले असतात, त्यामुळे झाकणाला हात लावू नका. वेगळ्या रंगाची पिशवी आणि काउंटरवर वेगळी ट्रे. आणि ती पिशवी फक्त कॅज्युअल्टीतच ठेवा. वॉर्डांना मिळाली की आठवड्याभरात सगळीच सॅम्पल तातडीची होतात.

---

ट्रायाज_डेस्क

नर्सिंगच्या बाजूने थोडं. वेळेचं लक्ष्य लावलं की दोन गोष्टी बिघडू शकतात आणि त्या मोजल्या नाहीत तर कळणारही नाहीत. समतोलाची मोजमापं म्हणतात ती हीच.

एक, हिमोलायसिस. घाईत कॅन्युलामधूनच रक्त ओढलं, बारीक सुई वापरली, सिरिंजचा दट्ट्या जोरात खेचला किंवा सिरिंजमधलं रक्त सुईनेच दाबून ट्यूबमध्ये सोडलं की तांबड्या पेशी फुटतात. पोटॅशियम खोटं वाढतं, सॅम्पल परत मागवलं जातं. परत मागवलेलं सॅम्पल बहुतेक ठिकाणी नव्या नंबरने नोंदलं जातं, म्हणून कागदावर पहिलं 'रद्द' आणि दुसरं 'वेळेत'. रुग्ण मात्र दोन तास थांबलेला असतो. तुमच्या ६०% मध्ये ही सॅम्पल कशी मोजली आहेत ते बघा. मोजणी पहिल्या मागणीपासूनच व्हायला हवी.

दोन, लेबल. ट्यूबा आधी लेबल करून ट्रेमध्ये ठेवणं किंवा रक्त काढून काउंटरवर जाऊन लेबल लावणं, दोन्हींत एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जातं. रुग्णाशेजारी, मनगटावरची पट्टी वाचून, रक्त काढल्या काढल्या लेबल. हे पाच सेकंद वाचवायला जाऊ नका.

पीटी-आयएनआरची निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. तिच्यात सायट्रेट आणि रक्ताचं प्रमाण १:९ असतं, अर्धवट भरली तर लॅब नाकारते आणि ते बरोबरच आहे. ईडीटीएच्या (सीबीसीसाठीच्या) ट्यूबमधलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतून 'भरती' करण्याचा प्रकार तर पूर्ण बंद हवा. पोटॅशियम भलतंच वर आणि कॅल्शियम खाली असा निकाल आला की लॅबवाले हाच संशय घेतात.

आणि 'जागरूकतेचा अभाव' हे कारण फिशबोनमधून खोडून टाका. ट्यूबा एका कपाटात, सुया दुसऱ्या खोलीत आणि लेबलचा प्रिंटर तिसरीकडे असेल, तर जागरूक माणसालाही दहा मिनिटं लागतात.

---

टीएटी_त्रस्त

चिठ्ठ्या लावून पाहिल्या. सर्वांत मोठी दरी रक्त काढल्यापासून लॅबमध्ये पोचेपर्यंत आहे. वॉर्डबॉयच्या ठरलेल्या फेऱ्या आहेत, त्या दर तासाला निघतात, म्हणून सॅम्पल खिडकीशी पडून राहतात. दुसऱ्या क्रमांकावर रक्त गोठण्याची वाट. हेपारिनची ट्यूब आणि फेऱ्यांची नवी पद्धत, दोन्ही पुढच्या सोमवारपासून सगळीकडे लागू करावं असं सांगण्यात आलंय. हे पीडीएसएमध्ये बसतं का?

---

आलेख_आधी

नाही बसत. दोन बदल एकदम, सगळीकडे आणि एकाच दिवशी केले तर आलेख हलल्यावर कशामुळे हलला ते कळणार नाही, आणि बिघडल्यावर दोन्ही गुंडाळावे लागतील. पीडीएसएच्या नावाखाली हेच सर्रास चालतं. प्रसिद्ध झालेल्या अशा प्रकल्पांचा २०१४ मध्ये एक पद्धतशीर आढावा घेतला गेला. एकापाठोपाठ एक चक्रं, आधीच्यातून शिकून पुढचं, असं पूर्ण नोंदवलेले प्रकल्प २०% हूनही कमी निघाले. महिन्याला किंवा त्याहून जवळच्या अंतराने आकडे देणारे फक्त १५%.

फेऱ्यांचं असं करा. एका तासाला एकदा जायचं याचा अर्थ, सॅम्पल कधीही तयार होत असेल तर ते सरासरी ३० मिनिटं पडून राहणार आणि वाईट नशीब असेल तर ६०. फेरी दर १५ मिनिटांनी केली तर सरासरी साडेसात. पहिलं चक्र: एक पाळी, कॅज्युअल्टीतला एकच कोपरा, एक वॉर्डबॉय. सुरू करण्यापूर्वी अंदाज लिहून ठेवा, उदाहरणार्थ 'पडून राहण्याची सरासरी १० मिनिटांच्या आत येईल आणि वॉर्डबॉयची रुग्ण हलवण्याची कामं अडणार नाहीत'. अंदाज लिहिलेला नसेल तर अभ्यासाच्या टप्प्यात तुलना कशाशी करणार? डेमिंग यांनी 'तपासा' काढून 'अभ्यास करा' असा शब्द घातला तो या तुलनेसाठीच.

काय फसेल ते साधारण दिसतंय. एक्स-रेला रुग्ण न्यायचा असेल तेव्हा फेरी चुकेल. मग दुसरं चक्र: फेरी नको, पिशवी खिडकीत ठेवली की बेल वाजेल आणि जवळचा माणूस नेईल. ते रात्री चालेल का? तिसरं चक्र रात्रपाळीत. वेगवेगळ्या परिस्थितींत टिकलं की मग सगळीकडे.

---

जुना_टेक्निशियन

ट्यूबचं प्रकरण वेगळं आहे. ते चक्र वॉर्डात नाही, लॅबमध्ये होतं, आणि सोमवारची घाई इथे तर मुळीच नको. एकाच रुग्णाच्या सीरम आणि हेपारिन प्लाझ्माच्या जोड्या घेऊन, कमी-मध्यम-जास्त अशा सगळ्या पातळ्यांवर निकालांची तुलना करा. पद्धतींच्या तुलनेसाठी किमान ४० जोड्यांची रीत आहे. पोटॅशियम प्लाझ्मात किंचित कमी येतं, कारण गोठताना प्लेटलेट्समधून सुटणारं पोटॅशियम तिथे नसतं. तेव्हा संदर्भ मर्यादा बघाव्या लागतील आणि डॉक्टरांना आधी सांगावं लागेल. तुमच्या ट्रोपोनिन किटला प्लाझ्मा चालतो का, हे किटसोबतच्या माहितीपत्रकात वाचा. रुग्ण लिथियमच्या गोळ्यांवर असेल तर लिथियमची पातळी या ट्यूबमध्ये मोजायची नाही, इतकी उघड गोष्टही लेबलच्या सूचनेत घालून ठेवा.

---

मोजमाप_काका

टिकवण्याबद्दल. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेच्या रुग्णसुरक्षा केंद्राने उपायांची उतरंड लावली आहे. चुकीचं करताच येऊ नये अशी रचना किंवा यंत्रातला बदल हे बलवान उपाय. चेकलिस्ट, कामाचा भार कमी करणं हे मधले. प्रशिक्षण, परिपत्रक, इशाऱ्याची पाटी हे दुबळे. तुमचे आतापर्यंतचे सगळे उपाय तिसऱ्या गटातले होते. स्टॉकमधून साधी ट्यूब काढून तिथे हेपारिनचीच ठेवणं हा पहिल्या गटातला आहे: रात्री नवीन माणूस आला तरी त्याच्या हाती तीच लागेल.

चेकलिस्टचं नाव निघालं की मिशिगनमधल्या आयसीयूंचं उदाहरण येतंच. २००६ च्या त्या अभ्यासात सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) संसर्गाचा मध्यक १००० कॅथेटर-दिवसांमागे २.७ वरून ० वर आला. पण तिथे कागदावरची यादी एकटी नव्हती. सगळं सामान एका गाडीवर होतं, पायरी चुकली तर प्रक्रिया थांबवण्याचा अधिकार नर्सला होता, आणि लाइन काढता येईल का हे रोजच्या राउंडला विचारलं जायचं. नुसती यादी उचलून आणणाऱ्यांच्या हाती नुसतेच टिकमार्क लागतात.

आलेखाचे नियम, कारण मूळ प्रश्न तोच होता. बदलाआधीचे किमान १० बिंदू घेऊन मध्यक काढा आणि ती रेघ गोठवून पुढे ओढा. नवे बिंदू आले की दरवेळी मध्यक पुन्हा काढू नका, नाहीतर सुधारणा रेघेतच विरघळून जाते. सलग ६ किंवा जास्त बिंदू रेघेच्या एकाच बाजूला आले तर सरक झाली, म्हणजे पातळीच बदलली. रेघेवरच पडलेले बिंदू मोजायचे नाहीत. सलग ५ बिंदू चढते किंवा उतरते असतील तर कल. सरक झाली आणि कारण माहीत आहे, तर तिथून नवा मध्यक. एखादाच बिंदू भलतीकडे गेला तर त्या दिवशी काय झालं ते विचारा, व्यवस्था बदलू नका.

९०% गाठल्यावर मोजणं बंद होऊ नये, पण रोजचं करायचीही गरज नाही. आठवड्याला ठरावीक ३० सॅम्पल यादृच्छिक निवडून मिनिटं, हिमोलायसिसची परत मागवलेली सॅम्पल आणि लेबलच्या चुका पाहा. सरक उलट्या दिशेने दिसली तर पुन्हा रोजचं. आणि घड्याळ मागणीच्या वेळेपासूनच चालू ठेवा. सॅम्पल स्कॅन करण्यापासून सुरू केलंत, तर स्कॅनच उशिरा व्हायला लागतील.